तुटक रेघ

जे लिहितोय ते माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवासमोरसुद्धा मी ते टाळूनच हात जोडत आलो. सकाळपासून तीन पानं लिहिली आणि तिन्ही फाडली, कारण प्रत्येक पानावर मी शाळेपासून सुरुवात करायचो आणि दहाव्या ओळीपर्यंत भला माणूस दिसायला लागायचो. मास्तरांना ही खोडच असते. आपलं अक्षर चांगलं, म्हणजे आपणही चांगले, असं वाटत राहतं.

तर आता सरळ सांगतो. निदान प्रयत्न करतो.

मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर — नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्याच कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवील. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. गावात मला 'नकाशे गुरुजी' म्हणतात. आधी पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव, मग मोठ्यांच्या तोंडी बसलं, आणि मलाही ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं.

नकाशा मी शिकवायचोही तसाच, जीव ओतून. पहिल्या दिवशी एकेका मुलाला टेबलावर उभं करायचो आणि खाली ठेवलेला तांब्या वरून बघायला लावायचो. वरून तांब्या म्हणजे काय? दोन गोल, एकात एक. मुलं हसायची. असा कुठं तांब्या असतो का, म्हणायची. मी म्हणायचो, पाखराला विचारा. मग आम्ही पटांगणात रांगोळीनं शाळेचा नकाशा काढायचो, मग गल्लीचा, मग अख्ख्या गावाचा. दिशा, प्रमाण, सूची. आणि रेघा. भरीव रेघ म्हणजे हद्द. दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट. तुटक रेघ म्हणजे पायवाट. वळत वळत जाणारी सलग बारीक रेघ म्हणजे ओढा. किती मुलांना शिकवलं असेल मी हे? पहिलीला नाव लिहिता न येणारी पोरं तिसरीत आल्यावर पायवाट कोणती आणि ओढा कोणता हे डोळे झाकून सांगायची.

एवढ्या दोन रेघा लक्षात ठेवा. मला पुढे त्या पुन्हा समजावून सांगायचं बळ राहील असं वाटत नाही.

माझं रान गावाच्या वरच्या अंगाला आहे. साडेतीन एकर, मुरमाड. त्याच्या पलीकडे टेकाडावर मेंढपाळांची वस्ती होती, सात घरं. त्यांची गावात यायची वाट माझ्या रानातून तिरपी जायची. शाळेला, विहिरीला, बाजाराला, दवाखान्याला, सगळ्याला हीच एक. माझ्या वडलांच्या आधीपासूनची. मेंढरांच्या खुरांनी ती इतकी घट्ट झाली होती की पावसाळ्यातही तिच्यावर चिखल व्हायचा नाही. मी स्वतः लहानपणी तिच्यावरून अनवाणी धावलोय. त्या वस्तीतल्या बायांनी मला ताक पाजलंय.

बारा वर्षांपूर्वी मी सीताफळाची बाग लावायचं ठरवलं. आता तुम्हाला वाटेल, मेंढरं रोपं खातील म्हणून मी वाट बंद केली. गावात मी तेच सांगितलं. पण आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं की सीताफळाच्या पाल्याला शेळ्या-मेंढ्या तोंड लावत नाहीत. मग का केलं? सांगायला लाज वाटते, इतकं क्षुल्लक आहे ते. मी बागेचा नकाशा काढला होता. आलेख कागदावर, अणकुचीदार पेन्सिलीनं, एकेक झाड म्हणजे एकेक ठिपका, ओळी अशा सरळ की बघत राहावं. आणि त्या ओळींच्या मधून ही तिरपी वाट. तिच्यामुळे कुठली ओळ अर्ध्यावर तुटायची, कुठली वाकडी व्हायची. दोन दिवस मी तो कागद पुढे घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी रबर घेतलं आणि वाट खोडली.

कागद किती सुंदर दिसला म्हणून सांगू.

मग कागदावर होतं तसं रानात केलं. उन्हाळ्यात नांगर घातला, खड्डे घेतले, चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. वाटेवरचे खड्डे घेताना पहार टणटण वाजत होती. गडी वैतागले, गुरुजी, इथं झाड येयचं न्हाई, म्हणाले. मी म्हणालो, नकाशाप्रमाणं घ्या.

वस्तीतल्या लोकांनी भांडण केलं नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर — नाही, हे वाक्य नको. ते माझा दोष त्यांच्याकडं ढकलायला बघतंय.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत म्हाळूआबा आले. वस्तीतलं सगळ्यात जाणतं माणूस. बरोबर आणखी तिघं. चपला व्हरांड्याखाली काढून चौघेही पायरीवर उभे राहिले. आबांनी काखेतलं टॉवेलाचं गुंडाळं सोडलं. त्यात गावचा नकाशा होता. तालुक्याला दोन खेपा घालून त्यांनी त्याची नक्कल मिळवली होती, आणि ती वाचून घ्यायला ते आले होते — कुणाकडे? ज्याच्या रानातली वाट, त्याच्याकडे.

"गुरुजी, तुमी लेकरांला नकाशा शिकविता," आबा म्हणाले. "आमाला त्यातलं काई कळत न्हाई. आमची वाट ह्यात हाय का न्हाई, तेवडं बघा. आसंल तर सायबाकडं अर्ज करावा म्हनतो. नसंल तर मग कशाला."

मी नकाशा टेबलावर पसरला. नक्कल काढताना खालची सूची कापली गेली होती, चिन्हांचा अर्थ सांगणारं त्यावर काही उरलं नव्हतं. माझा गट मला लगेच सापडला. आणि त्यातून तिरपी गेलेली रेघ. बारीक, पण स्वच्छ. तुटक. एक तुकडा, एक फट. एक तुकडा, एक फट. टेकाडापासून गावाच्या पांढरीपर्यंत, म्हणजे गावातल्या घरांपर्यंत. माझं बोट तिच्यावरून फिरलं. त्या चौघांचे डोळे माझ्या बोटावर होते.

तुम्ही कधी असं बोट फिरवलंय? आपल्याला दिसतंय, समोरच्याला दिसत असूनही दिसत नाही, आणि मधे फक्त आपण आहोत?

"हा वढा हाय, आबा," मी म्हणालो. "वाट न्हाई."

आबा टेबलाच्या पलीकडून बघत होते, म्हणजे त्यांना नकाशा उलटा दिसत होता. ते बराच वेळ वाकून राहिले.

"तितं पानी वाह्यलेलं तर कदी पाह्यलं न्हाई," म्हणाले.

"पूर्वी वाहत आसंल."

"तुमी म्हनता तर आसंल." आणि त्यांनी नकाशा पुन्हा टॉवेलात गुंडाळला, नीट, कडा मुडपू न देता.

अर्ज झालाच नाही. गुरुजी म्हणाले नाही, म्हणजे नाही. तालुक्याच्या साहेबानं तो कागद एकदा पाहिला असता तर अर्ध्या मिनिटात त्याला वाट दिसली असती. पण तिथवर कागद जाण्याआधी तो माझ्या टेबलावर आला होता.

बारा वर्षं मी एकच गोष्ट घोळवत बसलोय. आबांना खरंच कळत नव्हतं का? की सगळं कळत होतं, आणि गावातल्या मास्तरावर अर्ज करायला नको, त्याचं त्यानं तोंडानं कबूल करावं, म्हणून ते मला आधी विचारायला आले होते? चपला काढून? त्यांच्यात असंच करतात, आधी माणसाला विचारतात, मग कचेरीची पायरी. मला हे माहीत होतं. आबा आता नाहीत, म्हणजे विचारायलाही कुणी नाही. आणि असते तरी मी विचारलं नसतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण मी जे सांगायला बसलोय ते हे नव्हे. हे त्याच्या आधीचं.

आबांची नात कोमल चौथीत होती. माझ्याच वर्गात. माझ्या सगळ्या नोकरीत नकाशाचा असा हात असलेलं दुसरं मूल मला मिळालं नाही. तिसरीत मी प्रमाण शिकवलं तेव्हापासून ही पोर येता-जाता पावलं मोजायची, ओठ हलवत. मेंढरांमागं फिरलेली, त्यामुळे दिशा तिच्या अंगातच होत्या. ढगाळ दिवशीही तिला उत्तर दिशा विचारली तर हात बरोबर जायचा. मी इतर मास्तरांना तिचं कौतुक सांगायचो. ही पुढे मोजणीखात्यात जाईल बघा, म्हणायचो.

जुलैत नेहमीप्रमाणे मी चौथीला पाठ दिला, 'माझं घर ते शाळा'. दरवर्षी देतो. त्या वर्षी देऊ नये एवढंही मला सुचलं नाही, बघा. की सुचलं होतं, आणि दिला नाही तर कुणी विचारील म्हणून दिला? आता नक्की सांगता येत नाही.

कोमलचा नकाशा अजून माझ्याकडे आहे. कपाटात, तक्त्यांच्या मागे. त्यात वस्तीची सात घरं आहेत, हळद लावलेला दगड आहे, दोन बाभळी आहेत. आणि वाट. तुटक रेघेची. एकेक तुकडा दहा पावलांचा, तसं तिनं सूचीत लिहिलंय. चौसष्ट तुकडे. मी नंतर मोजले. आणि त्या वाटेवर दोन ठिकाणी, जिथं माझं कुंपण तिला आडवं येत होतं तिथं, तिनं बारीक फुल्यांची ओळ काढली होती. सूचीत त्यापुढे लिहिलं होतं, 'तार'. वाटही दाखवली, तारही दाखवली. जसं होतं तसं.

माझ्या रानाचा इतका खरा नकाशा मी स्वतः काढला नव्हता.

मी लाल पेन घेतला. वाटेवर टोकापासून टोकापर्यंत काट मारली आणि कडेला दहापैकी दोन लिहिले.

ती वही घेऊन टेबलाशी आली. "गुरुजी, कावून चुकलं?"

"नकाशात जे हाय तेच दाखवायचं आसतं."

"पर मी तर ह्याच वाटंनं यायचे."

सगळा वर्ग बघत होता. मी आवाज चढवला. "ती वाट न्हाई, वढा हाय. तुज्या आज्याला विचार."

ती जागेवर गेली, रबर काढलं, आणि एकेक तुकडा खोडायला लागली. चौसष्ट तुकडे खोडायला वेळ लागतो. मी फळ्यावर काहीतरी लिहीत राहिलो. काय लिहिलं ते आठवत नाही, पण पाठीमागे रबराचा आवाज येत होता, तो येतो अजून. खोडून झाल्यावर तिनं वही पुन्हा आणून दिली. माझी लाल काट तेवढी उरली होती, आणि तिच्याखाली पेन्सिलीचे ओरखडे, कारण ती पेन्सिल दाबून चालवायची. मी दोनाचे दहा केले. ती हसली हो. दहा मिळाले म्हणून हसली. मग मी तिचं ते पान मागून घेतलं, भिंतीवर लावतो म्हणालो. लावलं नाही.

माणूस चोरी करतो, खोटं बोलतो, ते एक. पण एखाद्या लेकराला खरं दिसतंय, आणि त्यालाच पटवायचं की तुझे डोळे चुकतात — आणि तेही कुणी? ज्यानं त्याला बघायला शिकवलं त्यानंच? ह्याला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही. मी मराठीही शिकवतो.

नंतरचं झरझर सांगतो, नाहीतर पुन्हा पान फाडीन. वस्तीला आता घाटरस्त्यानं वळसा घालून यावं लागायचं, चार किलोमीटर. कोमल त्या पावसाळ्यात तशी यायची. प्रार्थना झाल्यावर पोचायची, दप्तर ओलं. उशीर झाला म्हणून मी तिला दाराबाहेर उभं केलं. एकदा नाही, चारदा. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणालो असेन. पोळ्याच्या सुमारास ती यायची बंद झाली. तिच्याबरोबरची दोन लहान पोरंही.

हजेरीपटावर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'ऊसतोडणीसाठी कुटुंब स्थलांतरित'. आमच्या जिल्ह्यात हे कारण लिहिलं की वरून कुणी काही विचारत नाही. खरं तर त्या घरानं तोवर कधी कोयता हातात धरला नव्हता. ती मेंढरांची माणसं. पण विहीर लांब पडली, बाजार लांब पडला, एका बाईला बाळंतपणासाठी घाटरस्त्यानं बाजेवर घालून न्यावं लागलं. बाई वाचली. बाळ वाचलं नाही. हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलंय तर राहू दे. पुढच्या वर्षी त्यांनी मेंढरं विकली आणि दिवाळीनंतर सातही घरं टोळीबरोबर ऊस तोडायला गेली. मी पटावर जे खोटं लिहिलं होतं ते वर्षभरानं खरं झालं.

कोमल मला एकदा भेटली. दोन वर्षांपूर्वी, चौसाळ्याला. मी हॉटेलात चहा घेत होतो, समोर ऊसतोडीची माणसं भरलेला ट्रॅक्टर थांबला. एक बाई उतरून थेट माझ्याकडे आली आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडली. मी ओळखलंच नाही. मग तिनं नवऱ्याला हाक मारली.

"ह्ये आमचे गुरुजी," त्याला म्हणाली. "नकाशा लई चांगला शिकवायचे. मला धा पैकी धा दिलते."

मी तिला म्हणालो, बरी आहेस ना? सांगायचं होतं तेव्हाच सांगायचं. तीन शब्द पुरले असते, तुझा नकाशा बरोबर. हातातला चहा खाली ठेवण्याएवढीही हिंमत मला झाली नाही. ट्रॅक्टर गेला. मी तो चहा पूर्ण प्यायलो.

तुम्ही म्हणाल, मग आता तरी तार काढा, वाट मोकळी करा. काढली. मागच्या वर्षीच काढली, दोन्ही बाजूंनी. बायकोला म्हणालो, गंजली होती. पण चालणार कोण? टेकाडावर सात घरांचे नुसते चौथरे आहेत, त्यात घाणेरी माजलीय. मी एकदा त्या बाजूनं चालत आलो, पावलं मोजत. सहाशे चाळीस भरत नाहीत माझी. तिची लहान पावलं होती.

आणि इथंच थांबलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, गुरुजी पस्तावले. मलाही तसंच वाटत होतं. गेल्या गुरुवारपर्यंत.

शाळेला आता मोठा टीव्ही मिळालाय. त्यावर उपग्रहानं काढलेले नकाशे दाखवता येतात. हौस माझी अजून तीच. मी चौथीच्या मुलांना आपलं गाव आकाशातून दाखवलं. ही शाळा, हे पाण्याचं टाकं, हा घाटरस्ता. मुलं आपापली पत्र्याची घरं शोधायला लागली. कुणीतरी म्हणालं, गुरुजींची बाग दाखवा. मी बोटानं चित्र सरकवलं, मोठं केलं.

हिरव्यागार ओळी. सरळ, आलेख कागदासारख्या. आणि त्यांच्यामधून तिरपी जाणारी फिकट रेघ. त्या पट्ट्यातली झाडं वाढलीच नाहीत कधी. गुडघ्याएवढी राहिली, काही मेली, तिथं तांबडा मुरूम उघडा पडलाय. एक फिकट तुकडा, मग एखादं खुरटं झाड. पुन्हा तुकडा. खालून चालताना मला ते तसं कधी दिसलंच नव्हतं. वरून बघायला मीच शिकवतो ना.

पहिल्या ओळीतली एक मुलगी उठून टीव्हीपाशी गेली. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि टेकाडापासून गावापर्यंत फिरवलं.

"गुरुजी, ही पायवाट हाय ना?"

तुटक रेघ म्हणजे पायवाट, हे तिला मीच शिकवलं होतं, त्याच आठवड्यात. वर्गात वीस-बावीस मुलं. समोर कुणी शत्रू नाही, तालुक्याचा साहेब नाही, कुणाचा अर्ज नाही, माझं काहीसुद्धा जाणार नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी बारा वर्षं ह्या एका 'हो'ची वाट बघत होतो असं मला वाटायचं.

"न्हाई बाळा," मी म्हणालो. "जुनी पाइपलाइन हाय ती."

क्षणभरही लागला नाही. जीभ अडखळली नाही. मुलीनं बोट काढून घेतलं, जागेवर जाऊन बसली, आणि मी सगळ्यांना गावाचा नकाशा काढायला सांगितला.

वह्या काल तपासल्या. सगळ्यांनी माझ्या बागेतून निळ्या खडूची सलग रेघ काढलीय, आणि सूचीत तिच्यापुढे लिहिलंय, पाइपलाइन. त्या मुलीनं सुद्धा. सगळ्यांना मी दहापैकी दहा दिले.